गाडीखाली पाणी पडायलाच हवं

मे महिन्यात रोज एक तरी माणूस गॅरेजच्या दारात गाडी उभी करतो आणि घाईघाईने सांगतो, "मेस्त्री, खालून पाणी गळतंय, जरा बघा." मी वाकून बघतो. पुढच्या डाव्या चाकाच्या मागे, इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्याखाली स्वच्छ पाणी टपटपत असतं. बोट लावतो, वास घेतो आणि सांगतो, "गाडी उत्तम आहे. घरी जा." त्याच्याकडून मी पैसे घेत नाही. मला काळजी वाटते ती दुसऱ्या माणसाची. तो दोन तास एसी लावून आलेला असतो, बाहेर अंगाला कपडे चिकटतील असा उकाडा असतो आणि त्याच्या गाडीखालची जमीन मात्र ठणठणीत कोरडी असते. तो फक्त गॅस कमी झालाय का, एवढंच विचारायला आलेला असतो.

गाड्यांच्या एसीचं काम मी 1994 पासून करतोय. सात वर्षं मुंबईत एका गॅरेजात काढली आणि 2001 पासून चिपळुणात, महामार्गालगत माझं स्वतःचं गॅरेज आहे. सुरुवातीला डॅशबोर्डच्या खाली वेगळा डबा बसवून एसी लावला जायचा आणि त्याचं पाणी काढायला आम्ही गाडीच्या तळाला भोक पाडून रबरी नळी सोडायचो. तेव्हा आर-12 गॅस होता, मग आर-134ए आला, आता नव्या गाड्यांत आणखी वेगळा येतोय. हाताने फिरवायची बटणं जाऊन स्क्रीन आल्या. या सगळ्यात तशीच राहिली ती करंगळीएवढी पाण्याची नळी. माझ्याकडे पावसाळ्यात येणाऱ्या तक्रारींपैकी कितीतरी तिच्याशीच येऊन थांबतात.

आयटीआयमध्ये आमच्या सरांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं की एसीचा जन्म थंडाव्यासाठी झालेला नाही. 1902 साली न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगायचा आणि एकावर एक छापलेले रंग जुळायचे नाहीत. विलिस कॅरियर नावाच्या तरुण इंजिनिअरने तिथल्या हवेतली ओल काढण्यासाठी यंत्रणा आखली, आणि आजच्या एसीची सुरुवात तिथून धरतात. मी हे परीक्षेत लिहिलं आणि विसरून गेलो. पुढे कोकणात काम करायला लागल्यावर ते पुन्हा आठवलं. 30 अंशांच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त 30 ग्रॅमच्या आसपास वाफ मावते, 10 अंशांच्या हवेत 9 ग्रॅमच्या आसपास. मधली वाफ कुठे जाणार? डॅशबोर्डच्या आतल्या कूलिंग कॉइलवर तिचं पाणी होतं, थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम फुटावा तसं. ते खालच्या ट्रेमध्ये जमतं आणि नळीवाटे रस्त्यावर पडतं. एकदा पावसाच्या तोंडावर मी मुद्दाम बाहेरची हवा आत घेणारी झडप उघडी ठेवून एसी चालवला आणि नळीखाली एक लिटरची बाटली लावली. अर्ध्या तासात ती निम्म्याच्या वर भरली.

हे पाणी बाहेर पडलं नाही, तर ट्रे भरून डाव्या सीटवरच्या माणसाच्या पायात उतरतं. आधी ब्रेक मारल्यावर डॅशबोर्डमधून पाणी हिंदकळल्याचा आवाज येतो. कुणाला वाटतं पाण्याची बाटली कुठेतरी घरंगळतेय. मग ओल्या गोणपाटासारखा वास, काचांवर धुकं, आणि शेवटी ओली मॅट. कार्पेटच्या खाली जाड फेल्ट किंवा फोम असतो. तो कितीतरी पाणी पितो आणि वरून हात लावला तर नुसता गार लागतो. लोक मॅट उन्हात टाकतात, सुगंधी डबी लावतात आणि त्याच पाण्यावर आणखी दोन महिने गाडी चालवतात.

माझी पहिली मोठी चूक 1996 सालची. मुंबईतल्या गॅरेजचे उस्ताद बाहेर गेले होते आणि एका डॉक्टरांची गाडी अशीच पाण्याची तक्रार घेऊन आली होती. नळी तुंबलीय हे मी बरोबर ओळखलं. ओळखल्याचा आनंद इतका झाला, की हाताशी पडलेला सायकलचा स्पोक उचलून मी खालून नळीत घातला. तो मध्येच अडकला. कचरा लागला असं समजून मी जोर लावला. आतून फस्स आवाज झाला आणि मी हात मागे घेतला तेव्हा बोटांवर गार जळजळ होती. कूलिंग कॉइलच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या कागदासारख्या पातळ असतात आणि गॅसची वाहिनीही काही फार जाड नसते. स्पोक तिच्यातून आरपार गेला होता. सगळा गॅस गेला, कॉइल गेली.

उस्ताद ओरडले नाहीत. त्यांनी डॉक्टरांना माझ्यासमोर खरं सांगितलं, नवी कॉइल स्वतः आणली आणि तिचे पैसे माझ्या पगारातून पाच महिने कापले. कॉइल बसवताना मला शेजारी बसवून त्यांनी नळी ट्रेला कुठे जोडलेली असते, तिथून कॉइल किती बोटांवर आहे, हे दाखवलं. मग मऊ प्लास्टिकची बारीक नळी घेऊन तिच्यावर चिकटपट्टीने खूण केली. या खुणेच्या पुढे आत जायचं नाही. आजही मी तसंच करतो. आता आंब्याच्या बागांत गवत कापायच्या मशीनला लावतात तो नायलॉनचा दोरा वापरतो. तो वळणं घेत जातो, पण टोचत नाही. टोक विस्तवावर धरून जरा गोल करून घेतो. माझ्या हाताखालच्या प्रत्येक मुलाला मी आधी मोडीतली कॉइल हातात देतो आणि नखाने दाबून बघायला सांगतो.

कॉम्प्रेसरची हवा मारण्याबद्दलही हेच. टायरला मारतो त्या दाबाने खालून हवा मारली की कचरा एका झटक्यात निघतो हे खरं, पण तोच कचरा वर ट्रेमध्ये जातो आणि दोन दिवसांनी परत खाली येतो. माझ्याकडच्या एका मुलाने अशी हवा मारली आणि आतली रबरी नळी ट्रेच्या तोटीवरून निसटली. गाडी "दुरुस्त" होऊन गेली आणि आठवड्याने आधीपेक्षा जास्त पाणी घेऊन आली. त्यासाठी डॅशबोर्डचा खालचा भाग उतरवावा लागला, त्याचे पैसे मी घेतले नाहीत. खालून व्हॅक्यूम लावून ओढणं हे सगळ्यात चांगलं. वेळ लागतो, पण ट्रेमध्ये साठलेला चिकट गाळही बाहेर येतो.

नळी कशाने तुंबते, याची प्रत्येक गावाची तऱ्हा वेगळी असणार. आमच्याकडे जांभ्याची लाल माती, कुत्र्यामांजरांचे केस, कॉइलभोवतीच्या जुन्या फोमचा भुगा, फिल्टर न बदलल्यामुळे आत गेलेली धूळ. उंदीर केबिन फिल्टरमध्ये घर करतात, त्यांच्या कापसाचे गोळे सापडतात. एकदा जेमतेम दोन महिन्यांची गाडी आली. मालक रडकुंडीला आला होता. गाडीच्या तळाला गंजू नये म्हणून काळं कोटिंग मारून घेतलं होतं आणि मारणाऱ्याने नळीचं तोंडही त्यात बुजवून टाकलं होतं. ब्लेडने एक काप दिला आणि काम झालं. कोटिंग मारून घेणाऱ्याने त्याच दिवशी एसी लावून खाली थेंब पडतात का ते बघावं, हे मी तेव्हापासून सगळ्यांना सांगतो.

पण ज्या गाडीने मला खरं वळण लावलं, तिची नळी तुंबलेलीच नव्हती.

साधारण 2008 च्या पावसाळ्यात एक शिक्षक आले. डाव्या बाजूला पाणी. मी नळी साफ केली, पैसे घेतले. दहा दिवसांनी ते परत आले. पुन्हा साफ केली. आतून काही विशेष निघालं नाही, पण काम केल्यावर फुकट कसं सोडायचं, म्हणून थोडे कमी पैसे घेतले. तिसऱ्यांदा आले तेव्हा मी कूलिंग कॉइलच्या डब्यालाच तडा गेलाय असं ठरवून टाकलं आणि डॅशबोर्ड उतरवायचा खर्च सांगितला. ते शांतपणे म्हणाले, "मेस्त्री, मी पहिल्या दिवसापासून सांगतोय. चार दिवस मी गाडी काढलीच नव्हती. एसी लावलाच नाही. रात्रभर पाऊस पडला आणि सकाळी आत पाणी."

ते खरोखरच पहिल्या दिवशी हे बोलले होते. मला तो शब्द न् शब्द आठवला. मी ऐकलं नव्हतं, कारण डावी बाजू आणि पाणी एवढं कानावर पडताच माझा हात नळीकडे गेला होता. आम्ही पुढच्या काचेखालची, वायपरच्या मुळाशी असलेली जाळी काढली. त्यांच्या अंगणात गाडी आंब्याखाली उभी असायची. जाळीखालच्या पन्हळीत वाळलेला मोहोर आणि पानं कुजून बसली होती. पावसाचं पाणी वाहून जायची भोकं बंद झाल्यामुळे ते चढून ब्लोअरच्या तोंडातून आत पडत होतं. दोन मुठी कचरा निघाला. मी आधीच्या दोन्ही वेळचे पैसे त्यांना परत दिले. ते घेत नव्हते, पण मी त्यांच्या खिशात घातले. ते पैसे ठेवले असते तर मी पुढेही तसाच राहिलो असतो, असं मला आजही वाटतं.

तेव्हापासून गाडीला हात लावायच्या आधी मी विचारतो: पाणी कधी येतं? एसी चालू असताना, पावसात, की गाडी धुतल्यावर? सनरूफ आहे का? मग बोट बुडवून बघतो. एसीचं पाणी स्वच्छ आणि बिनवासाचं असतं. हिरवं किंवा गुलाबी, बोटाला चिकटणारं, गोडसर वासाचं असेल तर ते कूलंट, म्हणजे हीटरची कॉइल गळतेय. तशा गाडीत काचेवर तेलकट धुकं धरतं आणि इंजिनही धोक्यात असतं. पावसाच्या पाण्यात माती आणि पानांचा चुरा असतो, आणि सनरूफवालं पाणी छताच्या कापडावर पिवळा डाग ठेवून खाली येतं. कधी पाण्याचं गळणं नसतंच, गॅसच्या थंड पाइपवरचं स्पंजाचं आवरण निघालेलं असतं आणि पाइपला सुटलेला घाम टपकत असतो. या विचारपुशीला पाच मिनिटं लागतात. माझ्या आयुष्यातली किती डॅशबोर्डं या पाच मिनिटांनी उतरायची वाचली असतील, ते मी मोजलेलं नाही.

डॅशबोर्ड उतरवणं म्हणजे काय, हे गाडीमालकांनी समजून घ्यायला हवं. स्टीअरिंग, एअरबॅग, सगळी वायरिंग सोडवायची. पूर्ण दिवस जातो. जुन्या गाडीच्या प्लास्टिकच्या क्लिपा तुटतातच, आणि पुढे खड्ड्यात गाडी गेली की कुठून तरी खडखड येत राहते. नाइलाज असेल तेव्हा मी ते करतो. पण खाली न वाकता, नळी न बघता थेट "कॉइल गेली, डॅश खोलावा लागेल" असं सांगणं ही आमच्या धंद्यातली वाईट सवय आहे. काहींना खरंच माहीत नसतं, काहींना चांगलं माहीत असतं. मी नळी साफ करायचे दोनशे रुपये घेतो आणि तो दर पाटीवर लिहिलेला आहे.

22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी शहरात घुसलं. गॅरेजमध्ये डोक्याच्या वर पाणी होतं. व्हॅक्यूम पंप, गॅसचं मशीन, दोन गिऱ्हाइकांच्या गाड्या, सगळं बुडालं. पाणी उतरल्यावर राहिला तो गाळ. ज्यांनी तो काढलाय त्यांना मी काही सांगायला नको. नदीचा तो गाळ पिठासारखा बारीक होता. ओला असताना लोण्यासारखा पसरायचा आणि वाळला की विटेसारखा. पहिले तीन आठवडे आम्ही आमचंच घर आणि गॅरेज उपसत होतो, मग गाड्या यायला लागल्या. लोकांनी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने गाड्या आतून धुऊन घेतल्या होत्या, सीट उन्हात वाळवल्या होत्या, इंजिनं सुरू करून घेतली होती. त्या दिवसांत कुणी एसीचा विचार करणं शक्यच नव्हतं, आणि त्यात कुणाची चूक नाही.

मग ऑक्टोबरचा उकाडा सुरू झाला आणि लोकांनी एसी लावले. आठवडाभरात माझ्या दारात ओळ लागली. सगळ्यांची तक्रार एकच, पायात पाणी आणि पुराचा वास. धुतलेल्या गाडीत तोच वास परत आल्यावर माणसं कासावीस होत. एका बाईंनी तर गाडीत बसायलाच नकार दिला होता, त्यांचं दुकान त्याच पाण्यात गेलं होतं. नळ्या खालून वरपर्यंत गाळाने भरून वाळल्या होत्या. नायलॉनचा दोरा आत शिरेना. आम्ही नळ्या काढून कोमट पाण्यात रात्रभर भिजत ठेवल्या, जिथे निघत नव्हत्या तिथे खालून पिचकारीने थोडं थोडं पाणी देऊन गाळ मऊ केला आणि व्हॅक्यूमने ओढला. कितीतरी गाड्यांत मात्र गाळ ट्रेमध्ये आणि कॉइलच्या पट्ट्यांत बसलेला होता. त्या गाड्यांचे डॅशबोर्ड उतरवावे लागले आणि ते मी उतरवले. काहींना मी सरळ सांगितलं की या गाडीवर आता पैसे घालू नका. एका रिक्षावाल्या भावाने नुकतीच जुनी चारचाकी घेतली होती, त्याला हे सांगताना मला शब्द सुचत नव्हते.

त्या महिन्यात कार्पेटखाली काय काय होतं ते मी रोज पाहिलं. वायरींचे जोड हिरवे पडलेले, तळाचा पत्रा फुगून पापुद्रे सुटलेला. पुराने झालेलं ते एकदम झालं होतं. पण तसाच हिरवा जोड आणि तसाच पापुद्रा मी आधीही बघितला होता, तुंबलेल्या नळीकडे तीन-चार महिने दुर्लक्ष झालेल्या गाड्यांत. म्हणून नळी मोकळी झाली की काम संपलं, असं मी मानत नाही. सीट काढायची, कार्पेट उचलायचं, फोम पिळून दोन दिवस उन्हात ठेवायचा, जोड साफ करायचे. गिऱ्हाईक घाईत असतं, त्याला गार हवा मिळाली की पुरे. मी थांबवतो.

फक्त एकदा मला ते जमलं नाही. गणेश चतुर्थीच्या आदल्या दिवशी, पहाटे साडेचारला, मुंबईहून तेरा तास गर्दीतून आलेली एक गाडी माझ्या दारात थांबली. गुहागरकडे निघाले होते. पुढच्या सीटवर आजी, पाय प्लास्टिकच्या पिशव्यांत घातलेले. पायाशी ठेवलेल्या पिशवीतला कापूर, वस्त्रमाळा, सजावटीचे कागद सगळं भिजून गेलं होतं. उरलेलं त्यांनी मांडीवर घेतलं होतं. मुलगा म्हणाला, "मुंबईत दाखवली होती दादा. कॉइल बदलायला सांगितलीय. म्हटलं, गणपती होऊन जाऊ दे." मी गोणपाट टाकून खाली शिरलो, बॅटरी मारली. नळीच्या तोंडाला मातीचं बूच होतं, गोल, गुळगुळीत, बोटाने लिंपल्यासारखं. कुंभारीण माशीचं काम. गाडी दोन-तीन महिने उभीच होती का, असं विचारलं तर हो म्हणाले. कुठलंही बारीक भोक दिसलं की ती माशी त्यात अंडी घालून चिखलाने तोंड लिंपते. मी बूच कोरलं आणि आत साठलेलं पाणी भसकन माझ्या तोंडावर आलं. आजी वरून म्हणाल्या, "बाळा, एवढंच होतं काय रे?"

एवढंच होतं. पण कार्पेट वाळवायला त्यांच्याकडे वेळ नव्हता, घरी गणपती बसायचा होता. मी व्हॅक्यूमने निघेल तेवढं पाणी ओढलं, मॅट काढून ठेवली आणि परतीच्या वाटेवर थांबायचं वचन घेतलं. गौरी-गणपतींचं विसर्जन करून ते आले. सीट काढली तेव्हा खालच्या एका जोडाला हिरवा थर चढायला लागला होता. आणखी एक पावसाळा गेला असता तर एअरबॅगची वायर गेली असती. ते एक रात्र चिपळुणात नातेवाइकांकडे राहिले, आम्ही हॅलोजन लावून कार्पेट वाळवलं. आजींनी मला पंचखाद्याचा डबा दिला.

तुमच्या गाडीसाठी हे एवढं करा. एखाद्या दमट दिवशी एसी लावून गाडी पंधरा मिनिटं मोकळ्या जागेत उभी ठेवा. मग उतरून पुढच्या डाव्या चाकाच्या मागे वाकून बघा. काही गाड्यांत नळी जरा मधोमध असते, तिथेही बघा. डिसेंबर-जानेवारीत कोरड्या हवेत थेंब कमी पडतात, तेव्हा घाबरायचं कारण नाही. पण मे ते ऑक्टोबर पाणी दिसायलाच हवं. दिसलं नाही तर डाव्या सीटपुढच्या कार्पेटखाली हात घाला, आणि ओल लागली तर कुणालाही डॅशबोर्ड खोलू देण्याआधी विचारा की नळी बघितलीत का.